धार आणि फुगा

मशीन बंद पडून होडी बंदराला ओढत आणली की काठावरचा प्रत्येक जण आपलं निदान सांगतो. प्लग बदला, कॉइल गेली असेल, कार्बोरेटर खोला. जाणता मिस्त्री मात्र आधी दोनच गोष्टी विचारतो: बंद पडण्याआधी धार येत होती का? आणि फुगा कडक होता का?

धार म्हणजे आउटबोर्ड मशीनच्या मागच्या अंगाला, टोपाच्या खाली असलेल्या बारीक भोकातून उडणारी पाण्याची चिळकांडी. मशीन थंड करायला वर गेलेल्या पाण्यातला थोडा भाग तिथून मुद्दाम बाहेर सोडलेला असतो, चालवणाऱ्याच्या नजरेला पडावा म्हणून. फुगा म्हणजे टाकीपासून मशीनपर्यंत जाणाऱ्या पाइपच्या मध्यावर बसवलेला, मुठीत मावणारा रबरी पंप. सुरू करण्याआधी तो दाबून इंधन वर चढवायचं असतं. पहिली खूण उष्णतेची, दुसरी इंधनाची. ही दोन दुखणी वेगवेगळी समजली जातात, आणि माझ्या मते निम्मी दुरुस्ती तिथेच चुकते. तापलेल्या मशीनचं मूळ पुष्कळदा इंधनात असतं आणि इंधनाचा वाटणारा बिघाड कधी कधी उष्णतेने घडवलेला असतो. एकच बाजू पाहून नवा इंपेलर बसवला जातो आणि महिन्याभरात पिस्टन जळतो.

हा विषय समजून घ्यायला रायगडच्या पेण आणि रोहा या दोन तालुक्यांसारखी जागा नाही, कारण मशीनला त्रास देणारं सगळं पाणी इथे हाताच्या अंतरावर आहे. पेण शहरातून वाहणारी भोगावती अंतोऱ्याकडून पुढे धरमतर खाडीच्या पाण्यात जाते. अंबा आणि पाताळगंगाही याच खाडीला मिळतात आणि रेवस-करंजाच्या मधून हे सगळं पाणी मुंबई बंदराच्या तोंडाशी समुद्राला लागतं. काठाला खारेपाट, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भाताची जमीन, मग तिवरांची झाडी, आणि ओहोटीला उघडा पडणारा गुडघाभर चिखल. उधाणाच्या दिवसांत इथे भरती आणि सुकतीच्या पातळीत ४ मीटरपेक्षा जास्त फरक पडतो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि बाहेर जातं, तेव्हा तळाचा गाळ खाली बसायला सवडच मिळत नाही. त्यात डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल आणणारे बार्ज धरमतरपर्यंत ये-जा करतात आणि त्यांच्या पंख्यांनी तळ ढवळत राहतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-सुकतीतला फरक कमी असतो तेव्हा, पाणी त्यातल्या त्यात निवळतं. ज्याला होडीवर नवं मशीन लावून चाचणी घ्यायची आहे, त्याने तेच दिवस धरावेत.

रोह्याची कुंडलिका वेगळ्या स्वभावाची आहे. घाटावरच्या मुळशी तलावाचं पाणी टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून १९२७ पासून कोकणात उतरतं आहे आणि वीज करून झाल्यावर ते कुंडलिकेला मिळतं. त्यामुळे कोकणातल्या बऱ्याच नद्या उन्हाळ्यात आटतात, तेव्हाही ही वाहती असते. कोलाडचं राफ्टिंग या सोडलेल्या पाण्यावरच चालतं. वरच्या अंगाला गोडं पाणी, गोटे आणि रेती. रोह्याच्या खाली उतरलं की हळूहळू खाडी, आणि शेवटी रेवदंडा आणि कोर्लईच्या मध्ये समुद्र. धरमतरचा गाळ मशीनच्या वाटा बुजवतो, तर कुंडलिकेची रेती पंप खरवडते. एकाच महिन्यात दोन्ही पाण्यांत फिरणाऱ्या मशीनला दोन्ही भोगावं लागतं.

या खाड्यांतल्या मोठ्या मासेमारी नौकांना पोटात बसवलेली डिझेल इंजिनं असतात. आउटबोर्ड दिसतं ते छोट्या होड्यांवर: जाळी टाकायला, चिंबोऱ्या धरायला, पर्यटकांना फिरवायला, आणि पावसाळ्यात पुरातून माणसं काढायला. रचना साधी आहे. इंजिन वर, त्याखाली एक लांब पाय, पायाच्या टोकाला गिअर आणि पंखा. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत अशी मशीनं बाजारात आणली. तेव्हापासून ताकद कितीतरी पटींनी वाढली, पण मूळ बांधणी तीच आहे. मोटारीला असतो तसा रेडिएटर याला नाही. ज्या पाण्यात मशीन उभं आहे तेच पाणी ओढून घ्यायचं, इंजिनभोवती फिरवायचं आणि परत सोडून द्यायचं. खाडीत जे असेल ते इंजिनच्या अंगातून फिरणार.

पाण्याची वाट अशी. पंख्याच्या वर पायाला जाळीदार खाचा असतात, तिथून पाणी आत शिरतं. गिअरच्या पेटीवर पंप बसवलेला असतो. त्यात रबराच्या पाकळ्यांची एक चकती, तिला इंपेलर म्हणतात, इंजिनच्या उभ्या दांड्याबरोबर फिरते. चकतीची जागा पेटीत बरोबर मधोमध नसते, जरा एका कडेला सरकवलेली असते. त्यामुळे एका बाजूला पाकळ्या दुमडतात, दुसऱ्या बाजूला मोकळ्या होतात, आणि त्यांच्या मधलं पाणी पिळून वर ढकललं जातं. तिथून एक नळी पाणी सिलिंडरच्या भोवतीच्या पोकळ्यांत नेते, मग हेडमध्ये. तिथे थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप असते. इंजिन गार असताना ती मिटलेली असते, तापल्यावर उघडते.

या पंपाचं वंगणही पाणीच आहे. मशीन कोरडं चालवलं तर पाकळ्या काही सेकंदांत घासून करपायला लागतात. "जरा सुरू होतंय का बघू" म्हणून अंगणात स्टँडवर लावून दोरी ओढणाऱ्यांनी जितके इंपेलर मारले, तितके खाडीच्या गाळानेही मारले नसतील.

धार बारीक झाली किंवा थांबली तर पंपाला हात लावण्याआधी धारेचं भोकच तपासावं. चिखल वाळून तिथे बूच बसतं. उन्हाळ्यात होडी काठावर ठेवली असेल तर कुंभारीण माशी त्या भोकात मातीचं घर करते. ती हे इतकं नेमाने करते, की दोन आठवडे उभं राहिलेलं मशीन सुरू करण्याआधी हे भोक बघायलाच हवं. तार घालू नये, आतली रबरी नळी फाटते. तंगुसाचा, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा, जाड तुकडा सरकवून फिरवला तर माती सुटून बाहेर येते. मग पाणी आत घेणाऱ्या खाचा बघाव्यात. मशीन बंद करून पाय वर उचलला की पुष्कळदा चोर तिथेच सापडतो: दुधाची पिशवी, भाताचं काड, गोणपाटाचा तुकडा. पिशवी खाचांना चिकटली असेल तर मशीन चालू असेपर्यंत ती ओढीने घट्ट धरून राहते, आणि बंद केल्यावर आपोआप सुटून जाते. मग सुरू केलं की धार पुन्हा जोरात, आणि चालवणारा बुचकळ्यात. दर वेळी बंद केल्यावर धार पूर्ववत होत असेल तर पंप उघडण्याऐवजी पाण्यात काय तरंगतंय ते बघावं.

हे सगळं स्वच्छ असूनही धार नीट येत नसेल, तर पंप. पाय उतरवायला चार-पाच बोल्ट आणि गिअरचा दांडा सोडवावा लागतो. खाऱ्या पाण्यात राहिलेले बोल्ट मोडतात, म्हणून आदल्या रात्री त्यांना तेल लावून ठेवावं. एका मिस्त्रींच्या बाकावर उतरवलेला इंपेलर मी नीट निरखून पाहिला आहे. नवा असताना सहाही पाकळ्या सरळ बाहेर ताठ उभ्या असतात. हा बाहेर काढला तरी पाकळ्या एका दिशेला वाकलेल्याच राहिल्या होत्या. टोकांना चकाकी, दोन पाकळ्यांच्या बुंध्याशी केसाएवढी चीर, आणि एक पाकळी गायब. ज्या धातूच्या वाटीत तो फिरत होता, तिच्या आत नख फिरवलं तर रेतीने पाडलेले गोल चर लागत होते. अशा वाटीत नवा इंपेलर बसवला तरी पाणी चरांतून निसटणार, म्हणून वाटीही बदलायची. मिस्त्रींनी नवा भाग हातात घेण्याआधी मोडकी पाकळी शोधायला सुरुवात केली. ती वर गेलेली असते. नळीत किंवा थर्मोस्टॅटच्या तोंडाशी अडकते आणि नव्या पंपालाही धड काम करू देत नाही. ती मिळाली, तेव्हा कुठे त्यांनी नवा इंपेलर साबणाच्या पाण्यात बुडवला आणि दांडा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत वाटी खाली दाबली, म्हणजे पाकळ्या योग्य बाजूला दुमडून बसतात.

होडीचा मालक शेजारीच होता. त्याने आधीच्या वेळची तक्रार सांगितली: "पानी तं येतंय चांगला, मंग मशीन तापते कशी?"

"नाखवा, धार पंपाची साक्ष देते, हेडची नाही," मिस्त्री म्हणाले.

हे वाक्य प्रत्येक आउटबोर्ड चालवणाऱ्याने पाठ करावं. अनेक मशीनांत धारेचं पाणी थर्मोस्टॅटच्या अलीकडूनच काढलेलं असतं. पंप ठणठणीत असेल तर धार जोरात येईल, पण पुढची वाट बंद असेल तर हेड तापतच राहील. थर्मोस्टॅट तपासायला गॅरेज लागत नाही. चहाच्या पातेल्यात पाणी घ्या, झडप दोऱ्याने टांगून बुडवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि मंद आचेवर तापवा. आउटबोर्डच्या थर्मोस्टॅटवर आकडा कोरलेला असतो. बऱ्याच मशीनांत तो ५० ते ७० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतो. त्या सुमाराला झडप हलली पाहिजे आणि पाणी निवल्यावर परत मिटली पाहिजे.

मोटारीचं इंजिन याहून बरंच जास्त तापमान सहन करतं. खाऱ्या पाण्यावर चालणाऱ्या मशीनला कमी तापमानात ठेवतात, कारण खारं पाणी जास्त तापलं की त्यातले चुन्याचे क्षार बाहेर पडून धातूला चिकटतात. जुन्या पाणी तापवायच्या बंबाच्या आत पांढरा थर चढतो, तसाच थर इथे सिलिंडरच्या भोवती चढतो. तो उष्णता अडवतो, वाट अरुंद करतो, त्यामुळे इंजिन आणखी तापतं आणि थर आणखी वाढतो. कोकणात एक वाईट सवय आहे: तापतंय म्हटल्यावर थर्मोस्टॅट काढून फेकून द्यायचा. चार दिवस बरं वाटतं. मग मंद चालीवर इंजिन गारच राहतं, पेट्रोल पुरतं जळत नाही, प्लग काळे होतात, आणि तोच माणूस पुन्हा इंधनाची तक्रार घेऊन येतो. उष्णतेवरचा चुकीचा इलाज इंधनाचा बिघाड होऊन परत आलेला असतो.

तापण्याची वेळही पुष्कळ सांगते. फक्त मंद चालीवर तापत असेल तर पंप थकला आहे. फक्त पूर्ण वेगात तापत असेल तर पाणी ओढण्याच्या वाटेत अडथळा आहे, किंवा मशीन फळीवर इतकं उंच बसवलं आहे की वेगात खाचा पाण्याबाहेर येऊन हवा पितात. आणि दोन्हीकडे धार उत्तम, थर्मोस्टॅट उत्तम, थर नाही, तरी तापतंय, तर नजर टाकीकडे वळवायला हवी.

इंधनाची वाट पाण्याच्या वाटेपेक्षा लहान, पण तिथे फसवणूक जास्त. टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो. तो उघडला नाही तर इंधन जसं कमी होतं तशी टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल वर चढेनासं होतं. मशीन छान सुरू होतं, काही मिनिटं चालतं, आणि बरोबर खाडीच्या मध्यावर मरतं. मग कोणीतरी झाकण उघडून किती पेट्रोल आहे ते बघतं, हवा आत जाते, मशीन पुन्हा सुरू होतं, आणि सगळे म्हणतात आपोआप बरं झालं. आपोआप काहीच झालेलं नसतं.

फुगा हाताला जे सांगतो ते नीट ऐकावं. चालू मशीनचा फुगा आत ओढला जाऊन चपटा होत असेल, तर अडथळा फुग्याच्या अलीकडे आहे: हवेचा स्क्रू, टाकीतल्या नळीची जाळी, किंवा पाइपचं आतलं अस्तर फुगून वाट बुजलेली. कितीही दाबला तरी मऊच राहत असेल, तर कुठूनतरी हवा शिरते आहे, बहुतेक वेळा मशीनला जोडायच्या क्लिपमधल्या रबरी कडीतून. नाहीतर फुग्यातली झडपच गेली आहे. दाबताना फुग्यावरचा बाण मशीनकडे आणि वरच्या दिशेला हवा, म्हणजे आतल्या झडपा नीट बसतात. फुगा कडक आहे, मशीन ढेपाळतंय, पण हाताने दाबत राहिलं की पुन्हा ताकद धरतं, तर मशीनवरचा इंधनाचा पंप गेला. त्यातला पातळ पडदा क्रँककेसच्या दाबाच्या उसळीवर हलतो. त्याला टाचणीएवढं भोक पडलं तरी पुरे. दाबून काहीच फरक पडत नसेल, तर पुढचा संशय कार्बोरेटरच्या जेटवर घ्यावा, नाहीतर ठिणगीवर.

सगळ्यात कमी वेळाची परीक्षा म्हणजे शेजारच्या होडीची टाकी, पाइप आणि फुगा मागून आणायचा, मिश्रण आपल्या मशीनला चालणारं आहे याची खात्री करायची, आणि लावून बघायचं. मशीन नीट चाललं तर दोष आपल्या टाकीपासून फुग्यापर्यंत कुठेतरी आहे, आणि इंजिनला पाना लावायचं कारण उरत नाही.

आता खुद्द इंधन. गेल्या काही वर्षांत यात मोठा बदल झाला, आणि तो महाराष्ट्राच्या उसाच्या पट्ट्याशी जोडलेला आहे. साखर कारखान्यांतल्या मळीपासून आणि उसाच्या रसापासून, शिवाय मका आणि तांदळापासून केलेलं इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात. २०२२ साली देशभरात १० टक्क्यांचं प्रमाण गाठलं गेलं, आणि २०३० साठी ठरवलेलं २० टक्क्यांचं उद्दिष्ट अलीकडे आणून २०२५ मध्ये पूर्ण झालं. पेणच्या पंपावर आज मिळणारं पेट्रोल हेच २० टक्के मिश्रणाचं आहे. परदेशी तेलावरचं अवलंबित्व कमी करणारं हे धोरण आहे आणि त्यात ऊस उत्पादकांचं हित आहे. पण जुन्या आउटबोर्डच्या माहितीपुस्तिकेत बहुधा १० टक्क्यांचीच मर्यादा छापलेली असते, आणि खाडीवरच्या माणसाला याचे परिणाम माहीत असायला हवेत.

इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं. १० टक्के मिश्रणाच्या पेट्रोलमध्ये साधारण अर्धा टक्का पाणी विरघळून राहू शकतं. म्हणजे २० लिटरच्या टाकीत १०० मिलिलिटर, चहाचा एक कप. २० टक्क्यांच्या मिश्रणाची पाणी सामावण्याची ताकद याहून जास्त, पण मर्यादा त्यालाही आहे. ती ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर जातं, आणि दोघं मिळून तळाला बसतात. टाकीतली ओढनळी नेमकी तळाला असते. टू-स्ट्रोक मशीनमध्ये हे जास्त जिवावर बेततं, कारण वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं आणि ते वरच्या थरात राहतं. इंजिन तळाचा थर ओढतं, तेव्हा त्याला ना धड जळणारं इंधन मिळतं ना वंगण.

खात्री करायला काचेची बरणी पुरते. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडून जे येईल ते बरणीत धरावं, उघड्यावर, विडी-काडीपासून लांब. तेल मिसळलेल्या पेट्रोलला कंपनीच्या तेलाप्रमाणे निळसर किंवा हिरवट छटा असते. बरणी दहा मिनिटं स्थिर ठेवली की तळाला पाण्यासारखा नितळ थर आणि त्यावर रंगीत थर, मधली रेघ सरळ दिसते. खाली तांबूस-तपकिरी कण दिसले तर पत्र्याच्या टाकीचा गंज. चिकट पिवळट राप दिसला तर पेट्रोल जुनं होऊन आटलेलं. अशा मशीनचं पंप-इंपेलरशी काही देणंघेणं नसतं. टाकी रिकामी करून पुसायची, पाइप धुवायचा, जेट साफ करायचे. जेटमध्ये तार घालू नये, भोक मोठं होतं; हवेचा फवारा मारावा.

इथे दोन्ही दुखणी एकत्र येतात. जेट अर्धवट बुजला, किंवा पाइपातून हवा शिरली, किंवा पंपाचा पडदा थकला, की सिलिंडरमध्ये हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. असं पातळ मिश्रण जास्त गरम जळतं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, त्यामुळे घर्षण वाढतं. इथेनॉलच्या स्वतःच्या अंगात ऑक्सिजन असतो, म्हणून साध्या पेट्रोलसाठी बसवलेल्या जेटमधून २० टक्क्यांचं पेट्रोल गेलं तर मिश्रण आणखी पातळ होतं: साध्या पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५ पट. नव्या मशीनांतली संगणकाची यंत्रणा हा फरक भरून काढते, जुना कार्बोरेटर काढत नाही. मशीन पूर्ण वेगात असतं, धार जोरात उडत असते, आणि आत पिस्टनचा माथा वितळायला लागलेला असतो.

याची खबर प्लग देतो. चांगल्या जळणाऱ्या सिलिंडरचा प्लग फिका तपकिरी असतो. ओला आणि काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त किंवा इंजिन गार. खडूसारखा पांढरा प्लग, टोकाशी फोड आलेले, म्हणजे पातळ मिश्रण आणि अति उष्णता. पांढऱ्या चिनी मातीवर राखाडी चमकदार कण दिसले, तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. मशीन तिथेच थांबवावं. दोन सिलिंडरच्या मशीनमध्ये एक प्लग तपकिरी आणि दुसरा पांढरा निघाला, तर थंड करणाऱ्या पाण्याआधी त्या एका सिलिंडरच्या कार्बोरेटरवर संशय घ्यावा.

तेलाचं प्रमाण पुस्तिकेत दिलेलं तेच. बऱ्याच टू-स्ट्रोक आउटबोर्डना ५० ला १, म्हणजे एका लिटरला २० मिलिलिटर. त्यासाठी पाण्यावरच्या मशीनचं तेल मिळतं, त्याच्या डब्यावर टीसी-डब्ल्यू ३ असं लिहिलेलं असतं. हवेवर थंड होणाऱ्या स्कूटरचं तेल याला मानवत नाही, कारण दोन्ही इंजिनांचं तापमान वेगळं. रॉकेलवर चालणारी मशीनं पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर नेतात. बंद करण्याआधी ती परत पेट्रोलवर आणावीत, नाहीतर कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहतं आणि दुसऱ्या दिवशी दोरी ओढून हात दुखतात.

उष्णता उलट दिशेनेही इंधनावर चालून जाते. मे महिन्याच्या दुपारी मशीन जोरात चालवून बंद केलं की फिरणारं पाणी थांबतं, पण धातूतली उष्णता टोपाखाली कोंडते. पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ पंपाला ओढता येत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी सुरू करायला जावं तर मशीन नुसतं खोकतं. टोप काढून वारा लागू द्यावा आणि फुगा सावकाश दाबून वाफ पुढे ढकलावी, तेवढ्याने काम होतं. अशा वेळी कार्बोरेटर खोलणं म्हणजे धडधाकट अवयवावर शस्त्रक्रिया.

पाण्यावर असताना मशीन तापल्याचा इशारा देणारा भोंगा वाजला किंवा धार थांबली तर पहिली हालचाल मशीनकडे नको. वेग कमी करा, आणि मशीन बंद करण्याआधी नांगर हाताशी घ्या. धरमतरमध्ये सुकतीच्या ओढीला बंद होडी भराभर वाहते, आणि बार्जच्या वाटेत आडवी गेली तर बार्ज थांबू शकत नाही. नांगर धरला की मग मशीन बंद, मशीन बंद करणाऱ्या सुरक्षा-स्विचची दोरी काढून ठेवलेली, पाय वर, खाचा साफ. तापलेल्या हेडवर बादलीने खाडीचं पाणी ओतू नये, ओतीव धातू तडकतो. अर्धा तास थांबून हेडला हात लावता आला, तरच पुन्हा दोरी ओढावी. वल्ही होडीत असायलाच हवीत.

घरी आल्यावर गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये दहा मिनिटं मशीन चालवून आतलं खारं पाणी धुवावं, असं प्रत्येक पुस्तिका सांगते. पेणच्या खारेपाटात उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरने येतं, हे पुस्तिका लिहिणाऱ्याला माहीत नसतं. तिथे एक ड्रम भरून झाकून ठेवावा आणि तेच पाणी पाच-सहा वेळा वापरावं. चवीला खारट लागेपर्यंत ते खाडीच्या पाण्यापेक्षा कितीतरी बरं. ड्रममधलं पाणी कोमट झालं की थांबावं. मधल्या काळात कुंडलिकेच्या वरच्या अंगाला फेरी झाली तर मशीन आपोआपच धुतलं जातं.

जूनची १ तारीख आली की पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत, आणि ६१ दिवस मशीनं खोपीत उभी राहतात. इंधनाच्या तक्रारी ऑगस्टमध्ये उसळतात त्या याच विसाव्यातून. पावसाळी हवेतली आर्द्रता अर्ध्या भरलेल्या टाकीत शिरते, रात्री गार पत्र्यावर दव धरतं आणि थेंब पेट्रोलमध्ये उतरतात. म्हणून ठेवण्याआधी ड्रममध्ये मशीन चालू असताना इंधनाचा पाइप सोडवावा आणि ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावं, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. उरलेलं पेट्रोल मोटारसायकलीच्या टाकीत घालावं. त्यात तेल मिसळलेलं असेल तर थोडं थोडं. सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर तेल, गिअरच्या पेटीचं तेल बदललेलं, आणि मशीन उभं ठेवलेलं, म्हणजे पायातलं पाणी निथळून जातं. निघालेलं गिअरचं तेल दुधी दिसलं तर सील गेलं आहे. ते जूनमध्ये कळलं तर जुलैचा पूर्ण महिना दुरुस्तीला मिळतो.

पण एका जातीच्या मशीनला नेमकी याच दिवसांत सुट्टी नसते. जुलै २०२१ मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडालं तेव्हा रायगडकरांनी रबरी होड्या आणि आउटबोर्ड रस्त्यांवरून जाताना पाहिली. कुंडलिका आणि अंबाही पावसाळ्यात अनेकदा इशाऱ्याची पातळी गाठतात. पुराच्या होडीचं मशीन वर्षातले दहा महिने झाकून ठेवलेलं असतं आणि लागतं तेव्हा मिनिटाचाही विलंब चालत नाही, त्यात पाणी चिखलाचं, काड-प्लास्टिकने भरलेलं. अशा मशीनसाठी टाकीत जुनं पेट्रोल साठवणं हा सगळ्यात मोठा धोका आहे. टाकी कोरडी ठेवावी, ताजं पेट्रोल मेअखेरीस भरावं आणि दर पंधरवड्याला वापरून बदलत राहावं. एक इंपेलर, एक फुगा पाइपसकट, दोन प्लग आणि तंगुसाचा तुकडा डब्यात घालून होडीलाच बांधावा. चाचणी ड्रममध्ये घेऊन भागत नाही, कारण ड्रममध्ये मशीनवर भार नसतो आणि थकलेला इंधनपंपही रिकाम्या चालीला पुरतो. मे महिन्यात भरतीच्या पाण्यावर पूर्ण माणसं बसवून, पूर्ण वेगात, अर्धा तास. तेवढ्या वेळात धार टिकली, फुगा कडक राहिला आणि प्लग तपकिरी निघाले, तर ते मशीन जुलैच्या रात्री दोरी ओढल्यावर सुरू होईल.